गंजहाती

२ जून, सोमवार

आली! अखेर आली!

गल्लीत क्रेन वळेना, म्हणून समोरच्या नूडलवाल्याची पाटी उतरवावी लागली. तो पाटी पोटाशी धरून तासभर उभा, आणि वर मलाच विचारतो – "एवढ्या मोठ्या पेटीत काय, बाबांना जावई आणलास का?" नव्या इमारतीतली माणसं गॅलरीत येऊन फोनवर चित्रण करत होती. एरवी हीच माणसं आमच्या आवाजाबद्दल पालिकेकडे तक्रारी करतात.

ग्राइंडिंग मशीन! संगणकावर चालणारी, मायक्रॉनच्या आत काम करणारी, पांढरीशुभ्र. तीन वर्षं मी बाबांचं डोकं खाल्लं तिच्यासाठी. आणि बाबा? हाताची घडी घालून उभे. मशीन जागेवर बसली, तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले – "रंग फारच पांढरा. फ्रिज वाटतो."

बस! एवढंच!

कुवातासाननी मात्र टोपी काढून मशीनला वाकून नमस्कार केला. माझ्या जन्माआधीपासून ते आमच्या जुन्या ग्राइंडरवर आहेत. म्हणाले, "नवी नवरी आली. आता आम्ही थोरल्यांनी चूल सोडायची का, छोट्या मालकीणबाई?" मी म्हटलं, नवरीला स्वयंपाक येतो का ते आधी बघू.

संध्याकाळी वर घरी जेवताना बाबांनी एकदम जेवायच्या काठ्या खाली ठेवल्या. "हे बघ ओरिए. माझी सत्तरी झाली. मशीन तुझ्या हट्टापायी घेतली. क्योतोच्या गेज कंपनीने तुझे नमुने पास केले, तर कारखाना तुझा. नाही केले, तर मशीन विकायची, शटर ओढायचं आणि जागा बिल्डरला द्यायची. मला अर्धवट काही नको."

आई म्हणाली, "आधी मासा खा. गार होतोय."

मी मासा खाल्ला. काट्यांसकट.

५ जून, गुरुवार

मशीन कंपनीचे हिनोसान शिकवायला आलेत. चांगला माणूस. पण इतका सभ्य बोलतो की चूक कुणाची तेच कळत नाही. "आपण हे बटण दाबलं नसतं तर कदाचित बरं झालं असतं, नाही का?" – म्हणजे मी दाबलं!

बाबा शिकायला येत नाहीत. ऑफिसात बसतात. दार मात्र सताड उघडं.

दुपारी एकदाच कडाडले. हिनोसाननी डबा उघडून मशीनच्या कठड्यावर ठेवला, आणि भाताच्या गोळ्यात खारवलेलं आंबट प्लम. "जूनमध्ये या कारखान्यात खारातलं प्लम आणायचं नाही!" बिचारा हिनो! उठून कमरेत वाकला, डबा घेऊन रस्त्यावर गेला. मी मागोमाग जाऊन सांगितलं, हा आमच्या आजोबांपासूनचा नियम आहे. या महिन्यात हवा ओली असते, बोटाला मीठ लागलेलं असलं की पोलादावर गंज धरतो.

कुवातासान म्हणाले, "इथे जूनमध्ये रडायचं असलं तरी बाहेर जावं लागतं."

९ जून, सोमवार

पहिल्या पिना! गेजच्या पिना म्हणजे काय – बोटाएवढी कडक पोलादाची सळई, पण जग त्यांच्यावरून भोकं मोजतं. त्यांनीच खोटं बोलून कसं चालेल?

सगळ्या मायक्रॉनच्या आत! मी धावत जाऊन कोपऱ्यावरच्या मशीनमधून सगळ्यांसाठी डब्यातली कॉफी आणली. बाबांनी कॉफी बाजूला ठेवली, पिन चिमट्यात धरून मोजली. दुसऱ्या मायक्रोमीटरने परत मोजली. मग म्हणाले – "हं."

आमच्या घरात 'हं' म्हणजे पदक.

१३ जून, शुक्रवार

नमुने क्योतोला गेले. पॅकिंगच्या मिनोबेबाईंनी तेल लावून, कागदात गुंडाळून, बाळासारखे बांधले.

काही सुचत नाही. मशीन पुसते, पुन्हा पुसते.

१४ जून, शनिवार

फोन नाही. शनिवारी कशाला येईल! तरी खिशातून दहादा काढून पाहिला.

१८ जून, बुधवार

परत आले. सगळे.

क्योतोच्या बाई फोनवर फार गोड बोलल्या. "मोजमाप अगदी उत्तम आहे हो. पण –" पिनांवर तपकिरी ठिपके. गंज! मोहरीएवढे, पण गंजच. पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला पुन्हा नमुने द्या, म्हणाल्या, ती शेवटची संधी.

बाबांनी खोकं उघडलं. एक पिन उजेडात धरली. मग माझ्याकडे वळून – "हात दाखव."

मी हात पुढे केले. चौतिसाव्या वर्षी, सगळ्यांसमोर! त्यांनी माझी बोटं उलटसुलट करून पाहिली, जणू बाजारातला मुळा. "घाम येतो?" येतो की! कुणाला येत नाही? "गंजहाती असशील."

हा शब्द मी लहानपणापासून ऐकलाय, पण दुसऱ्यांबद्दल. काही माणसांचा घामच असा असतो की पोलादाला हात लावला की उद्या तिथे गंज. वाईट माणसं नसतात, पण या धंद्यात उपयोगाची नसतात. आजोबा नोकरीला आलेल्या माणसाच्या हातात आधी एक चकचकीत तुकडा द्यायचे, आणि म्हणायचे, उद्या ये. दुसऱ्या दिवशी माणसाकडे नाही, तुकड्याकडे बघायचे. आणि नियम एकच – ज्याच्यामुळे जॉबला, म्हणजे घडवलेल्या मालाला, गंज, तो मशीनजवळ नको. मग तो कुणी का असेना.

मी गंजहाती? मी?

१९ जून

हातमोजे घातले. दुहेरी. आत कापडी, वर रबरी. बटणं धड दाबता येत नाहीत, पण घातले.

२३ जून, सोमवार

पुन्हा ठिपके! हातमोजे घालूनसुद्धा! मिनोबेबाई शपथेवर सांगतात की तेल लावायच्या आधीच ठिपके होते. मी त्यांच्यावर ओरडले. नंतर माफी मागितली. त्या म्हणाल्या, "ओरडा हो, मला घरी सासू आहे, सवय आहे."

बाबांनी घासून आरशासारखी केलेली एक पट्टी आणली. टेबलावर ठेवली. "सगळ्यांनी अंगठा दाबायचा." आधी स्वतः दाबला. मग कुवातासान, मग मिनोबेबाई, शेवटी मी. खडूने खाली नावं लिहिली. रात्रभर तशीच ठेवायची.

हात साबणाने धुतले, व्हिनेगरने धुतले, लिंबू चोळलं. आता काय उपयोग?

२४ जून, मंगळवार

तिघांचे अंगठे दिसतसुद्धा नाहीत. माझा – तपकिरी, सुरेख, रेघ न् रेघ उमटलेली.

कुवातासान म्हणाले, "फ्रेम करून लावा, इतका छान आलाय." कुणी हसलं नाही. मग त्यांनाच वाईट वाटलं, टोपी डोळ्यांवर ओढून निघून गेले.

बाबा म्हणाले, "ऑफिसात बस. मशीन कुवाता चालवेल." आवाज चढवला नाही. चढवला असता तर भांडता तरी आलं असतं.

आईला सांगितलं, तर ती कांदा चिरता चिरता हसायलाच लागली. "माझेही तसेच आहेत. लग्न होऊन आले, तर तुझ्या आजोबांनी दुसऱ्याच दिवशी हातात तुकडा दिला. तिसऱ्या दिवसापासून मी स्वयंपाकघरात." मी विचारलं, तुला राग नाही आला? ती म्हणाली, "आला की. अजून आहे." आणि कांदा चिरत राहिली.

२६ जून, गुरुवार

मशीनभोवती पिवळी रेघ आहे. मी रेघेच्या अलीकडे उभी राहून कुवातासानना ओरडून सांगते. "हिरवं! हिरवं बटण!" – "दोन हिरवी आहेत!" – "मोठं हिरवं!" – "छोट्या मालकीणबाई, या वयात मला रंग ओळखायला शिकवू नका!"

जुन्या ग्राइंडरवर हाच माणूस नुसत्या आवाजावरून घासणीचा दगड पोलादाला लागतोय की नाही सांगतो. इथे पडद्याला बोट लावताना चटका बसेल असं लावतो. पण पिना येताहेत. माझ्याच प्रोग्रॅमवर, माझ्याच मशीनवर, माझ्याशिवाय.

ऑफिसात बसून पेन्सिली टोकल्या. सगळ्या.

३० जून, सोमवार

कुवातासानच्या पिनांवरही ठिपके!

मी आनंदाने ओरडले. खरंच ओरडले – "बघा! बघा!" मग कुवातासानचा चेहरा दिसला आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. शाळा सोडली तेव्हापासून हा माणूस पोलादाला हात लावतोय आणि कधी डाग नाही. हातातली पिन अशी धरली होती की आता पडेल.

मला वाटलं, आता बाबा म्हणतील, दोष हातांचा नाही, दुसरं काही शोधूया. पण नाही! बाबा म्हणाले, "कुवाता, तूही बाजूला हो."

"बाबा! त्यांचा अंगठा स्वच्छ आला होता!"

"नियम माणूस बघून नसतो."

"मग चालवणार कोण? मांजर?"

"बंद."

आणि मुख्य खटका ओढला. मशीनचा पंखा हळूहळू थांबला. कुवातासाननी टोपी काढली, झाडू घेतला आणि अंगण झाडायला गेले. झाडलेलंच अंगण! क्योतोला शुक्रवारी माल जायला हवा. नाहीतर शटर. म्हणजे बाबा स्वतःच्या नियमापायी स्वतःचा कारखाना बुडवणार, आणि वर मान ताठ!

मी इतकी ओरडले की समोरच्या गॅलऱ्या भरल्या.

१ जुलै, मंगळवार

सापडलं!

सकाळी बसवेना. नाकारलेल्या पिना घेऊन भिंगाखाली धरल्या, एकेक. आधी कुणी कसं पाहिलं नाही? आम्ही सगळे हातच बघत बसलो. ठिपके बोटाच्या आकाराचे नाहीतच. गोल आहेत, शिंतोड्यासारखे. आणि सगळ्या पिनांवर नाहीत – ट्रेमध्ये मागच्या ओळीत असतात, फक्त त्यांच्यावर.

ट्रे मशीनच्या कडेला, वरच्या पत्र्याच्या खाली असतो. तयार जॉब तिथे ठेवतो, दिवस संपला की मिनोबेबाई उचलून तेल लावतात. मी ट्रेच्या जागी एक चकचकीत पट्टी ठेवली आणि समोर स्टूल टाकून बसले. मशीन बंद, कुणाचा हात नाही. मिनोबेबाई बार्लीचा थंड चहा ठेवून गेल्या, तोही प्यायले नाही. हवा अशी दमट की भिंतीला घाम.

जेवणानंतर पट्टीवर एक थेंब पडला. टप!

वरून. कूलंट, मशीन गार ठेवायचं पाणी, असेल? पण मशीन कालपासून बंद. मी बोटाने उचलला आणि – काय सुचलं कुणास ठाऊक – जिभेला लावला.

खारट!

शिडी लावून वर चढले. मशीनच्या माथ्यावर, मागच्या कोपऱ्यात, जिथे खालून कुणालाच दिसणार नाही, तिथे छोटी पांढरी बशी. बशीत मिठाचा ढीग. वाईट काही आत येऊ नये म्हणून दाराशी ठेवतात ना, तसा. ओल्या हवेने निम्मा विरघळून पाणी झालेला. मिठाची पांढरी साय बशीचा काठ ओलांडून बाहेर आली होती, पत्र्याच्या सांध्यापर्यंत ओघळ गेलेला, आणि सांध्याच्या बरोबर खाली ट्रे.

बशी घेऊन उतरले. इतकी चिडले होते! आधी आईकडे – देवाच्या फळीवरचं मीठ तीच बदलते. आई म्हणाली, "मी? मी मीठ लोणच्यात घालते." मिनोबेबाईंनीही ठेवली नव्हती. कुवातासान तर शिडी चढत नाहीत, गुडघे धरतात.

ऑफिसच्या दारात बाबा उभे होते. बशीकडे बघत. कान लाल.

"तो ईशान्य कोपरा होता," बाबा म्हणाले. "वाईट तिकडूनच येतं. मशीन आली त्याच दिवशी ठेवलं."

"एवढ्याशा प्लमसाठी हिनोसानना रस्त्यावर जेवायला लावलंत! आणि स्वतः या फ्रिजला काही होऊ नये म्हणून तिच्या डोक्यावर बशीभर –"

"मशीनचा विमा आहे," बाबा म्हणाले. "तिच्यात हात तू घालतेस."

मी बशी खाली ठेवली.

कुवातासान मात्र हसायला लागले. हसता हसता खोकले, खोकता खोकता कॉम्प्रेसरला धरून बसले. "मालक! जूनमध्ये! मीठ!" मिनोबेबाई तोंडावर हात दाबून पळाल्या. बाबा हसले नाहीत. कुवातासानसमोर जाऊन उभे राहिले आणि कमरेत वाकले. खूप वेळ तसेच. कुवातासानचं हसू कुठल्या कुठे गेलं. "अहो, नको, उठा, मालक, उठा ना!"

मग माझ्यासमोर येऊन वाकले.

बाबांच्या डोक्यावरचे विरळ केस मला वरून दिसत होते. असं कधी दिसलं नव्हतं. मी दुसरीकडे बघत राहिले.

२ जुलै, बुधवार

मशीन चालू! मी रेघेच्या आत! हातमोजे घालूनच, कारण माझे हात गंजहाती आहेतच, त्याला आता इलाज नाही. आईचं आणि माझं, दोन पिढ्यांचं उट्टं मी काढणार, हातमोजे घालून.

बाबा खाली आले नाहीत. आईला विचारलं. "पहाटेच गेले. वाकायामाला, आत्याकडे. म्हणाले – नियम माझाच आहे. ज्याच्यामुळे जॉबला गंज, तो मशीनजवळ नको."

हे काय भलतंच! दोन दिवसांत येतील.

३ जुलै

फोन बंद ठेवलाय त्यांनी.

४ जुलै, शुक्रवार

माल गेला. स्वच्छ. भिंगाखाली एकेक पाहिला. मोजून झाल्यावर मी सवयीने ऑफिसच्या दाराकडे बघितलं. 'हं' म्हणायला कुणी नाही.

मला राग आलाय. खरंच आलाय! चूक केली, वाकलात, झालं ना? वर निघून काय जायचं? शिक्षा स्वतःला दिली म्हणतात, भोगतोय आम्ही. कुवातासान म्हणाले, "मालकांनी मला बाजूला केलं तेव्हा मी झाडू घेतला. त्यांना झाडू कोण देणार?"

६ जुलै, रविवार

आत्याचा फोन आला आईला, आंबट प्लम पाठवू का विचारायला. बोलता बोलता कळलं, बाबा तिच्याकडे गेलेलेच नाहीत. तिला काही माहीतच नाही!

आई खुर्चीवर बसली. मी म्हटलं, असतील कुणा मित्राकडे. कोण मित्र? त्यांना मित्र नाहीत, त्यांना कारखाना होता.

स्टेशनवर जाऊन आले. नदीवर जाऊन आले. मनात काय काय येतं ते लिहीत नाही.

७ जुलै, सोमवार

पोलीस चौकीत गेले. तिथला माणूस विचारतो, भांडण झालं होतं का? काय सांगू? मीठ सांगू?

मशीन चालू आहे. ती नीट चालते आहे याचाच वैताग येतो.

८ जुलै, मंगळवार

पास!

क्योतोच्या बाई म्हणाल्या, "या वेळी 'पण' नाही." कुवातासाननी टोपी वर फेकली, ती दिव्यावर अडकली. मिनोबेबाई रडल्या, आठवणीने बाहेर जाऊन.

म्हणजे कारखाना माझा. तीन वर्षं या दिवसासाठी मी सगळ्यांना छळलं. आणि आज द्यायला देणाराच नाही. त्यांच्या खुर्चीवर कुणी बसलं नाही, मीही नाही. मला नको असला कारखाना. बाबा हवेत मला. ओरडायला, फ्रिज म्हणायला, काहीही.

९ जुलै, बुधवार

हिनोसानचा फोन, नागोयाहून. फार सभ्यपणे – "कदाचित आपल्याला ठाऊकच असेल, पण आमच्या नवशिक्यांच्या वर्गात गेल्या गुरुवारपासून एक सत्तरीचे गृहस्थ पहिल्या बाकावर बसतात. आपलेच वडील ना?" मी विचारलं, काय म्हणतात? ते म्हणाले, पहिल्या दिवशी सगळ्यांना ओळख करून द्यायला सांगितलं, तर उभे राहिले, वाकले, आणि म्हणाले – मी त्सुबोउची. मुलीच्या कारखान्यात नवीन लागलोय. मशीन चालवता येत नाही.

गुरुवार. क्योतोला माल तोवर गेलाही नव्हता, निकाल तर काल लागला.